मकावला न्यायची शेगडी

मकाव कुठं हाय ते नकाशात दावा म्हटलं तर मला आजबी दावता यायचं न्हाई. पण तिथल्या हॉटेलात सकाळचं खाणं कसं मांडतात, ते मला पाठ होतं. दोन हजार चार-पाचचं साल असंल. गडहिंग्लजात आमचं मोटारपंपाचं दुकान. माल चांगला खपवला म्हणून कंपनी दर वर्षी कॅलेंडर आणि छत्र्या द्यायची, त्या वर्षी एकदम विमानाची ट्रिप दिली. एका दुकानाला दोन जागा. आमच्या ह्यांनी, म्हणजे शिवानंद मालकांनी, दुसऱ्या जागेवर माझं नाव घातलं.

मोठी गोष्ट होती ती. बाकीच्या दुकानदारांनी बायकोच्या जागी कुणी मेहुणा घातला, कुणी भाऊ. जुगाराच्या गावाला बायका कशाला, असं सगळ्यांचं म्हणणं. आणि आमचे हे मला न विचारताच पासपोर्टच्या फोटोला स्टुडिओत घेऊन गेले. त्या फोटोत माझं तोंड असं आलंय, जसं चुलीवर दूध उतू चाललंय आणि मला कुणी उठू देईना.

कंपनीचा माणूस घरी रंगीत कागद देऊन गेला. बाप्यांनी त्यातली जुगाराची मशिनं बघितली. मी खालचं चित्र बघितलं. लांबच लांब टेबल, त्यावर झाकणाची भांडी, आणि पलीकडं टोपी घातलेली एक पोरगी उष्टी ताटं उचलायली.

मी त्या माणसाला विचारलं, "आपण नुसतं बसायचं?"

"नुसतं बसायचं, वहिनी."

"आणि ताटं?"

"तिथली माणसं उचलतात."

"घासतं कोण?"

"तीच," म्हणाला आणि हसला.

हसू दे बापडा. लग्न होऊन आल्यापासनं दुसऱ्या कुणी केलेलं गरम खाल्लेलं मला आठवत न्हाई. कुणाच्या लग्नाला गेलं तर तिथंबी पदर खोचून वाढायला मीच, आणि शेवटच्या पंगतीला गार भात. दमलेय मी. कामाचं काय, काम कुणाला चुकलंय? पण सकाळी डोळं उघडलं की पहिला विचार पिठाचा येतोय, त्यानं दमलेय. मला मकाव नको होतं, मशिनं नको होती. एकदा खुर्चीत बसून कुणीतरी केलेलं गरम खायचं होतं. एवढंच.

ट्रिपचा बेत करायला दर रविवारी आमच्याच घरी बैठक. बाजारपेठेतला महांतेश सगळ्यांचा पुढारी. नेसरीचे विजयसिंह यायचे, आणखी दोन-चार दुकानदार. महांतेशला कुणीतरी सांगितलेलं, म्हातारी माणसं ज्या मशिनवरनं कंटाळून उठतात तिथं लगेच बसायचं, मग पैसा पडतोय. तिथली म्हातारी माणसं कशी ओळखायची, यावर सगळ्यांचं भांडण. मी आत चहा करायची, भडंग द्यायची, परत चहा करायची.

एका रविवारी बोलणं खाण्यावर आलं आणि सगळ्यांची तोंडं उतरली.

"तिथं बेडूक खातात म्हणं," महांतेश म्हणाला. "आपण लिंगायत माणसं, अंड्याला शिवत न्हाई. उपाशी मरायचं व्हय?"

"मी मटण खातोय की," विजयसिंह म्हणाले. "पण बेडूक? छ्या! भाकरी पाहिजे गड्या."

"कडक भाकरी नेऊ. शेंगाची चटणी नेऊ."

"आणि गरम? आमटीभाताबिगर मला झोप येत न्हाई."

आमच्याकडं परगावी जायचं म्हणजे निम्मं सामान खाण्याचं. माझा सासरा काशीला गेलता, तो स्टोव्ह घेऊन गेलता. कुणीतरी म्हणालं, गुंडू आचाऱ्याला न्यावं. पण जागा सगळ्या भरलेल्या, आणि गुंडूकडं पासपोर्ट कुठला? आणि आमचे हे, ज्यांनी जन्मात कुणाला नको म्हटलं न्हाई, ते म्हणाले, "शांता हाय की. काय काळजी करताय?"

मी चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी. आपटावा वाटला. पण कप माझेच, आणि काचाबी मलाच गोळा कराव्या लागल्या असत्या.

"वैनी, तुम्ही देवमाणूस!" महांतेश ओरडला. "विजेची शेगडी मी देतो. बाथरूमात लावू, हॉटेलवाल्याला वास जायचा न्हाई."

सगळी गेल्यावर मी ह्यांना विचारलं, "मला बायको म्हणून न्यायलाय का आचारी म्हणून?"

"असं काय बोलतीस? चार दिवसांचा तर प्रश्न."

"चारच दिवस मागत होते की मी."

"आता शब्द दिलाय, शांता. आपलीच माणसं हाईत."

"शब्द तुमचा. हात माझे."

ह्यांनी चपला घातल्या आणि दुकानाकडं गेले. रविवारी दुकान बंद असतंय.

शेगडी आली. तिच्या मागनं डाळ, तांदूळ, चटणीची पुडी, बारका कुकर. हे सगळं एका निळ्या बॅगेत भरायचं आणि ती बॅग माझी, असं परस्पर ठरलं. माझ्या साड्या कुठं ठेवायच्या ते कुणी विचारलं न्हाई. भाकरी तेवढ्या मी थापल्या, कडक केल्या, चटणी कुटली, ज्याच्या त्याच्या नावानं पुडकी बांधून वेगळ्या पिशवीत ठेवली. उपाशी कुणी मरू नये. रागारागानं थापल्या, तरी चांगल्या झाल्या.

निघायच्या सकाळी बॅग भरायला घेतली. शेगडी हातात धरली आणि मला ते चित्रातलं टेबल आठवलं. मग बाथरूमात उकिडवी बसून आमटीला फोडणी देणारी मी दिसले. अय्यो शिवने, देवा रे, मकावातबी उकिडवीच! शेगडी मोरीत पालथ्या बादलीखाली सरकवली. कुकर फडताळात, डाळतांदूळ डब्यात. बॅगेत माझ्या दोन साड्या राहिल्या. तिथं गेल्यावर चारचौघांत ह्यांची अब्रू जाणार, हे मला दिसत होतं. तरी मी चेन ओढली.

एसटी स्टँडाजवळ जीप उभी होती. टपावर सामान चढत होतं.

"वैनींची बॅग संभाळून!" महांतेश ओरडला. "त्यात आपलं पोट हाय!"

ह्यांनी बॅगेला हात घातला. जड असणार म्हणून जोर लावला, तर बॅग एकदम वर आली आणि ह्यांचाच तोल गेला. ह्यांनी बॅग बघितली, मग मला बघितलं. मी मान खाली घातली न्हाई. मनात म्हटलं, आता बोला काय बोलायचं ते सगळ्यांसमोर.

"काय झालं?" विजयसिंहांनी विचारलं.

ह्यांनी बॅग खाली ठेवली. मग कमरेत वाकून, दोन्ही हातांनी धरून, कण्हत कण्हत परत उचलली.

"लई जड झालीया," म्हणाले.

"द्या इकडं, टपावर टाकू."

"नको," हे म्हणाले. "माझ्याजवळच असू दे."

ह्यांच्या तोंडून 'नको' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. डोळ्यात पाणी आलं, ते पदरानं पुसलं आणि आत चढून बसले. हे माझ्या शेजारी येऊन बसले. संकेश्वर गेलं, निपाणी गेली, तरी ह्यांनी ती बॅग मांडीवरनं खाली ठेवली न्हाई.