खोडलेले पंचवीस

मी एक जुना खोडरबर आहे. जुना म्हणजे चारच महिन्यांचा. पण मित्रांनो, आमचं वय महिन्यांत मोजत नाहीत, किती उरलो त्यावर मोजतात. मी आता वाटाण्याएवढा उरलो आहे.

कारखान्यात मला एका लांबलचक पट्टीतून कापलं, अंगावर कागदी कोट चढवला आणि दुकानातल्या काचेच्या बरणीत बसवलं. तिथून एका सुतार आजोबांनी मला घरी आणलं, तिसरीतल्या नातीसाठी. पेन्सिलीचं टोक सतत कुरतडते म्हणून घरात तिला सगळे खारूताई म्हणतात. सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. ती मला हुंगायची, उशाशी घेऊन झोपायची.

मग हातच्याची वजाबाकी आली आणि माझे दिवस फिरले.

बेचाळीसातून सतरा. दोनातून सात जात नाहीत, इथवर सगळ्यांचं एकमत. पुढे बाई शिकवतात, "शेजारच्या चाराकडून एक दशक घ्यायचं. दोनाचे बारा झाले, चाराचे तीन उरले." आजोबांची रीत जुनी. ते म्हणतात, "वरच्या चाराला हात लावायचा नाही. हातचा एक खालच्या एकात मिळवायचा, झाले दोन." दोन्ही रीतींनी पंचवीसच येतात. पण खारूताई पडली गुणाची पोर, ती दोघांचंही ऐकते. वरच्या चाराचे तीन करते, खालच्या एकाचे दोन करते आणि उत्तर काढते पंधरा.

बाई म्हणतात, "घरी कुणी लक्ष देत नाही." आजोबा म्हणतात, "शाळेत काही शिकवत नाहीत." कसं केलंस गं, एवढं मात्र कुणी विचारत नाही. मला सगळं दिसतं, पण मला तोंड नाही. मला फक्त झिजता येतं.

काल बाईंनी तिला बजावलं, "उद्याच्या परीक्षेत जमलं नाही, तर गणिताच्या तासाला दुसरीत जाऊन बसायचं." दुसरीत तिची धाकटी बहीण आहे. संध्याकाळी खारूताई ताटावरून अर्ध्यातच उठली. आजोबांच्या डब्यातले बेचाळीस खिळे तिने फरशीवर मांडले, सतरा बाजूला सारले, उरलेले दोनदा मोजले आणि वहीत पंचवीस लिहिले. मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

तेवढ्यात आजोबा डोकावले.

"कसे आले?"

"मोजून."

"परीक्षेला खिळे घेऊन जाणार आहेस का? रीतीनं कर."

तिने रीतीने केलं, म्हणजे दोन्ही रीतींनी. पंधरा आले.

"मला धड मोजतासुद्धा येत नाही," असं पुटपुटत तिने मला उचललं.

शेकडो चुका पुसल्या मी, ते माझं कामच आहे. पण काल मला बरोबर उत्तर पुसावं लागलं आणि माझं काहीच चाललं नाही.

आता परीक्षेला अर्धा तास आहे. मी कंपासपेटीत पडून आहे. मोठी माणसं माझ्यासारख्या तुकड्याचं ऐकतील असं नाही, तरी सांगतो. मुलांची चूक पुसायची घाई करू नका, ती कशी झाली ते आधी विचारा. आणि खारूताईची वही तुमच्या हाती आलीच, तर खिडकीशी जरा तिरपी धरून बघा. ती पेन्सिल फार दाबून लिहिते. पंधराच्या खाली पंचवीस अजून दिसतात.