तारेविना खांब

ओढ्याचं कुंपण हातचं गेलं, हे मला मंगळवारी सकाळी कळलं. माझी बायको आर्लिस हिला जाऊन तेव्हा एकोणीस दिवस झाले होते.

जमिनीची धूप थांबवायला अनुदान देणाऱ्या सरकारी ऑफिसातली क्रिस्टा तिची पिकअप घेऊन आली. ओढ्याकडे बघत बराच वेळ गाडीतच बसून राहिली. मग उतरून तिने फोटो काढले.

"गॅलन, हे खांब कोणी ठोकले?"

"शेजाऱ्यांनी."

"अहो, करारावर अजून सही झाली नाहीये. सहीआधी काम सुरू केलं की सरकारचा वाटा मिळत नाही. तुम्हाला माहीत होतं ना हे?"

माहीत आर्लिसला होतं. गुरं ओढ्यात उतरतात, काठ तुडवतात, दर वर्षी हातभर जमीन वाहून जाते. हे तिनेच मोजलं होतं. काठाला कुंपण, टेकडीवर पाण्याची टाकी, विहिरीपासून टाकीपर्यंत पाइप. खर्चाचे तीन हिस्से सरकारचे, एक आमचा. दोन वर्षं ती त्या अर्जाच्या मागे होती.

मग ती गेली. नेब्रास्काच्या आमच्या भागात मयताच्या घरी बायका जेवण घेऊन येतात. पुरुषांना काय बोलावं सुचत नाही, म्हणून ते काम करायला येतात. ती गेल्यानंतरच्या शनिवारी शेजारचा ड्वेन अकरा माणसं, खांब ठोकायचं यंत्र आणि स्वतःच्या गोठ्यामागचे सगळे खांब घेऊन आला.

"तू नुसती कॉफी ओत," तो म्हणाला. "नाहीतर नको ओतूस. तुझ्या कॉफीपेक्षा खांब ठोकणं बरं."

मी कॉफी ओतली. फ्रिजवर आर्लिसची चिठ्ठी होती : सही होईपर्यंत एकही खांब नको. सांत्वनाची कार्डं लावून ती चिठ्ठी मीच झाकली होती.

"उपटून टाकतो," मी क्रिस्टाला म्हणालो. "संध्याकाळपर्यंत एक दिसणार नाही."

"काम सुरू झालं ते झालं. मला खोटं लिहिता येत नाही."

"माझी बायको मेली म्हणून आले ते. तुझ्या कागदात त्याला रकाना आहे?"

"नाही. पुढच्या वर्षी नवा अर्ज करा."

"आणि वर्षभरात काठ किती गेला, ते तू येऊन मोज. मोजणारी गेली."

तिने वहीत काहीतरी लिहून घेतलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिचा राग आला, कारण ती समोर होती. ड्वेनचा आला, तो तर बोलूनही दाखवता येत नाही. आर्लिसचाही आला. चिठ्ठी लिहिलीस, तोंडाने का नाही सांगितलंस?

काल चर्चबाहेर ड्वेनने विचारलं, "काय रे, तार कधी ओढायची?"

"बघू," मी म्हणालो.

तार ओढली तर गुरांना पाणी नाही, कारण टाकी नाही. टाकी माझ्या एकट्याच्या ऐपतीत बसत नाही. गुरं खांबांमधून ओढ्यात उतरतात. ड्वेनला हे सांगायचं राहिलंय. नवा अर्ज टेबलावर आहे, तो भरायचा राहिलाय.