काट्याशेजारची चिंधी

"शनिवारी भंगारवाला येतोय त्यांच्याकडे. न्यायलाच. आणि ती पोरगी पण आता…"

एवढं ऐकू आलं आणि वरची खिडकी बंद झाली. बहुतेक दूध उतू गेलं असावं. खिडकीमावशींच्या बातम्या नेहमी दुधापाशीच अडतात. दिवसभर खिडकीत बसून त्या गल्लीतल्या सगळ्यांचं सगळं बघतात, म्हणून हे नाव. त्यांना ते ठाऊक आहे आणि रागही नाही.

मी काचवाल्यांची निळी गाडी बोलतेय. भंगारवाला न्यायला येणार होता तो मलाच. मला काही लोकांच्या घरात डोकावायची हौस नाही. पण आयुष्यभर उभी आहे अंगणात, एका बाजूला स्वयंपाकघराचं दार, दुसऱ्या बाजूला काच कापायची खोली, आणि डोक्यावर मावशींची खिडकी. कान कुठे नेऊन ठेवू?

कारखान्यातून निघाले तेव्हा मी साधी सामानाची गाडी होते, माझ्यासारख्या ढिगाने होत्या. मी वेगळी झाले ती या अंगणात आल्यावर. काचवाल्यांनी माझ्या उजव्या कुशीला एक तिरकी लाकडी चौकट बसवली आणि तिला आतून बनात, म्हणजे जाड लोकरी कापड, लावली, काचेला ओरखडा नको म्हणून. लोकांच्या गाडीत पोरं बसतात, माणसं बसतात. माझ्या कडेवर काचा बसल्या. मोठमोठे आरसे घेऊन मी रस्त्याने निघाले की अर्धा रस्ता माझ्या अंगावरून चालत जायचा, आणि सिग्नलला उभी राहिले की लोक माझ्यात बघून केस सारखे करायचे. एका गृहस्थांनी एकदा दात कोरले होते.

या घराची एक रीत आधी सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

काचेचं काम करताना बोलायचं नसतं. काच कापायची हिरकणी काचेवरून ओढत असताना कुणी हाक मारली आणि हात जरा हलला, तर अख्खी काच वाया. त्यामुळे काचवाले मुळातच अबोल. मुलगी मोठी झाली, बापाच्या हाताखाली शिकली, आणि तीही तशीच झाली. सकाळी ते गाडी घेऊन काचा आणायला जायचे, दुपारनंतर ती गिऱ्हाइकांकडे लावायला जायची. एक आत यायचं तेव्हा दुसरं काम करत असायचं. मग बोलायचं कधी? त्यावर त्यांनी चिंध्यांची युक्ती काढली. स्टीअरिंगला चिंधी असली तर ब्रेक सांभाळ. पेट्रोलच्या झाकणाला असली तर पेट्रोल संपत आलंय. वायपरला असली तर मागचं चाक बघ. दोघांना चिंधी दिसली की सगळं कळायचं. शेजारच्या घरांत बाप-लेक तासन्‌तास बोलून जे कळत नाही ते यांना चिंधीत कळायचं, असं मला वाटायचं. तेव्हा वाटायचं.

त्यातली एक चिंधी कायमची होती. माझा गरमपणा दाखवणारा काटा बरीच वर्षं बिघडलेला होता. किल्ली फिरवली रे फिरवली की तो सरळ तांबड्या पट्ट्यात जाऊन बसायचा. मी थंडगार असले तरी त्याचं आपलं आग लागली, आग लागली. म्हणून काचवाल्यांनी काट्याशेजारच्या बटणाला एक राखाडी चिंधी बांधली होती. अर्थ असा, की याचं काही ऐकू नकोस. मुलगी गाडीत बसली की काट्याला टिचकी मारून म्हणायची, "बोल बाबा, तुझं चालू दे."

आता घरातलं तिसरं माणूस. आई. आईला गाडी चालवता येत नाही, आणि चिंध्यांची भाषा तिला कुणी शिकवलीही नाही. तिला वाटायचं ही फडकी पुसायलाच आहेत. आईचा संसार एका वाक्यावर चालतो, वस्तू जागच्या जागी. आठवड्यातून एकदा ती मला आतून-बाहेरून पुसायची. इतकी निगा तर कारखान्यानेही घेतली नव्हती.

तर झालं असं. गल्लीच्या टोकाला एक गॅरेजवाला आहे. काहीही विचारा, "उद्या देतो" म्हणतो, म्हणून त्याला सगळे उद्याशेठ म्हणतात. एका सकाळी काचवाले माझा दिवा बघायला म्हणून त्याच्याकडे गेले, आणि त्याने दिव्याबरोबर काट्याची तुटलेली वायरही जोडून दिली. वर्षानुवर्षं खोटं बोलणारा काटा खरं बोलायला लागला. काचवाल्यांनी चिंधी सोडली. हातात घेऊन खिडकीबाहेर टाकणार होते, तेवढ्यात गिऱ्हाइकाचा फोन आला आणि ती पायाशी पडली.

घरी आल्यावर ते खोलीच्या दारापर्यंत गेले. मुलगी एक मोठी काच कापत होती. ते दारात उभे राहिले, तोंड उघडलं, आणि तिचा हात बघून मिटलं. "चिंधी सोडलीच आहे," असं स्वतःशीच म्हणाले आणि जेवायला गेले.

त्या दुपारी मुलीला कुठे जायचं नव्हतं, म्हणून आईने मला पुसायला घेतलं. पायाशी पडलेली चिंधी तिला दिसली. "पडली वाटतं," म्हणाली. धुतली, उन्हात वाळवली, आणि संध्याकाळी होती तिथे, त्याच बटणाला, घट्ट गाठ मारून बांधली. वस्तू जागच्या जागी.

मला सगळं दिसत होतं. पण माझ्याकडे आहे काय, एक हॉर्न. तोही कुणीतरी दाबावा लागतो.

दुसऱ्या दिवशी सकाळीच, काचवाले मला बाहेर काढायच्या आत, मुलगी टेकडीवरच्या नाचाच्या शाळेत भिंतभर आरसा घेऊन निघाली. चढावर माझी पाण्याची नळी फाटली. काटा चढत चढत तांबड्यात गेला, आयुष्यात पहिल्यांदा खरोखरीचा. तिने बघितलं. शेजारी चिंधी होती. तिने नेहमीसारखी टिचकी मारली. "बोल, तुझं चालू दे."

पुढचं फार सांगत नाही, आजही नकोसं वाटतं. आतून खडखड, मग वाफ, मग एक धक्का, आणि माझं इंजिन जाम झालं ते झालं. मुलीने बटणावरची चिंधी ओढून काढली, हाताला गुंडाळली आणि तापलेलं बोनेट उघडलं. उघडून नुसती बघत राहिली. तरी पोरीचं कौतुक असं, की आरसा पोचवला. शाळेतल्या चौघींना हाताशी घेऊन, उरलेला चढ पायी, जराही चरा न पडता.

मला ओढून अंगणात आणलं. काचवाले बाहेर आले, बोनेटमध्ये डोकावले.

"काटा बघितला नाहीस?"

"बघितला."

"मग?"

"तो कायमच वर असतो, बाबा."

"दुरुस्त केलाय मी. चिंधी सोडली होती की."

"चिंधी होती."

"नव्हती. मी माझ्या हाताने सोडली."

"मी माझ्या हाताने ओढून काढली."

काचवाल्यांनी बोनेटमधली काळी पडलेली चिंधी बघितली. "पायाशी पडली होती ती उचललीस तू," एवढंच म्हणाले आणि आत गेले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. बापाला वाटलं, पोर चूक झाकायला खोटं बोलतेय. पोरीला वाटलं, बाप सांगायला विसरला आणि आता माझ्यावर ढकलतोय. दोघंही खरं बोलत होते, आणि दोघांनाही समोरचं माणूस खोटं वाटत होतं.

उद्याशेठ येऊन मला ठोकून-ठाकून बघून गेला. "अंगाला गंज नाही, चासी दणकट आहे. दुसरं इंजिन बसवा, म्हातारी अजून पुष्कळ पळेल. अशीच एक गाडी मागून चेपलेली माझ्या ओळखीत आहे, तिचं इंजिन चांगलं आहे."

गल्लीला अर्थातच मतं होती. कुणी म्हणे, जुन्याला नवं जोडून काय मिळतं, नवी घ्या. कुणी म्हणे, नव्या गाड्यांच्या कुशी गोल, चौकट बसायची कुठे? मावशी वरून म्हणाल्या, "मी काय म्हणते, आधी पोरीला विचारा." त्या उगाचच म्हणाल्या, पण नेमकं तेच होतं.

कारण काचवाल्यांचा डावा गुडघा गेला होता. क्लच दाबताना ते ओठ चावायचे, ते मी रोज बघत होते. डॉक्टर त्यांना गाडी सोडा म्हणाले होते. इंजिन बसवलं तर चालवायचं मुलीने. आणि मुलीने तर किल्ली खुंटीला लावली होती आणि सांगून टाकलं होतं, "मी शोरूममध्ये काउंटरवर नोकरी बघतेय. माझ्यावर विश्वास नसेल तर कशाला?"

यावर काचवाल्यांनी तिला अडवलं नाही. आई म्हणाली, "अहो, बोला काहीतरी तिच्याशी." ते म्हणाले, "बोललोय की." आईने विचारलं, "कधी?"

म्हणजे इंजिनाचा प्रश्न इंजिनाचा नव्हताच. मला नवं काळीज बसवून उपयोग काय, जर या दोघांचं एकमेकांवरून मन उडालं असेल? तशी मी अंगणात उभी राहून कोंबड्यांचं खुराडं झाले असते. त्यापेक्षा भंगारवाला बरा. त्याला शनिवारी बोलावलं गेलं.

शुक्रवारी तिघं मिळून मला रिकामी करायला आली. मुलगी पुट्टीचे डबे बाहेर काढत होती, काचवाले चौकटीचे स्क्रू सोडत होते. आई पुढच्या सीटवर गुडघे टेकून कोपरे झाडत होती. गाडी भंगारात जायची, तरी कोपरे झाडूनच जायची. दाराच्या कप्प्यात तिला ती काळी चिंधी सापडली. त्या दिवशी बाप आत गेल्यावर मुलीने ती बोनेटमधून काढून तिथे कोंबली होती.

"बघा हे," आई कुरकुरली. "गाडी बंद पडायच्या आदल्या दिवशीच धुवून, वाळवून बांधली होती. एक दिवस स्वच्छ राहू देत नाहीत."

स्क्रू सोडणारा हात थांबला.

"कुठे बांधली होतीस?" काचवाल्यांनी विचारलं.

"म्हणजे काय, तिच्या जागेवर. काट्याच्या बाजूच्या बटणाला. खाली पडली होती."

मुलीने डबा जमिनीवर ठेवला. आईने एकाकडून दुसऱ्याकडे बघितलं.

"काय झालं? फडकंच आहे ना ते?"

"आई," मुलगी हळूच म्हणाली, "ते फडकं नव्हतं गं."

मग तिने आईला सांगितलं. स्टीअरिंगची चिंधी, झाकणाची चिंधी, काट्याची चिंधी. आई सीटवर बसून ऐकत होती, आणि ऐकता ऐकता तिचा चेहरा उतरत गेला.

"म्हणजे इंजिन मी जाळलं?"

"तू नाही," काचवाले म्हणाले. "मी दारापर्यंत गेलो होतो सांगायला. ती काच कापत होती. म्हटलं, चिंधी सोडलीच आहे, तिला कळेल." ते माझ्या पायरीवर गुडघा धरून बसले. मग मुलीकडे बघितलं. "तू खरं बोलत होतीस."

"तुम्हीपण," ती म्हणाली.

"मला एक सांगा," आई म्हणाली. तिचा आवाज आता जरा चढला होता. "इतकी वर्षं घरात चिंध्यांनी बोलताय, आणि मला कुणी सांगितलं नाही? मी काय पाहुणी आहे?"

वरची खिडकी उघडी होती आणि मावशी पहिल्यांदाच गप्प होत्या.

शेवटी काचवाल्यांनी विचारलं, "इंजिन बसवलं तर चालवशील?"

"एका अटीवर. चिंधी नाही. तोंडाने सांगायचं."

"काच कापत असलीस तर?"

"थांबायचं. काच संपते, बाबा."

काचवाल्यांनी सोडलेले स्क्रू एकेक करून परत आवळायला घेतले. आईने उद्याशेठला फोन लावला. तो म्हणाला, "उद्या येतो." आणि जन्मात पहिल्यांदा त्याचा शब्द खरा ठरला. उद्या शनिवार होता, आणि भंगारवाला यायच्या आधी तो इंजिन उचलायची चेनकप्पी घेऊन अंगणात हजर होता.

जुनं इंजिन साखळीवर लोंबकळत बाहेर निघालं तेव्हा मला पोकळ वाटलं. इतकी वर्षं धडधडलेलं आपलं, आणि हे एवढंसं? आईने त्याच्यावरून एकदा फडकं फिरवलं. भंगारवाला म्हणाला, "काकू, वितळवायचंय ते." आई म्हणाली, "असू दे. जाताना स्वच्छ जावं."

मावशी खिडकीतून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "मी म्हटलं होतं ना, शनिवारी येणार म्हणून?" आला तर होताच. पण मला न नेता गेला. नेलं ते फक्त इंजिन.

आता माझ्यात दुसऱ्या गाडीचं काळीज आहे. सुरुवातीला जरा परकं वाटलं, त्याचा आवाज माझ्यापेक्षा जाड आहे. हळूहळू जमतंय. दुपारी मुलगी किल्ली फिरवते तेव्हा काचवाले खिडकीशी येऊन उभे राहतात, आणि शाळेतल्या पोरासारखं पाठ म्हणतात, "पेट्रोल आहे, ब्रेक ठीक आहेत, काटा खरा आहे." अजून त्यांना ते अवघड जातं, कान लाल होतात. पण म्हणतात. आईला आता काही फडकं दिसलं की ती आधी विचारते, "हे फडकं आहे की बोलणं?"

मी म्हातारी, आणखी किती पळेन ठाऊक नाही. तुमच्या अंगणात माझ्यासारखी एखादी असेल तर तिच्यासाठी एवढंच मागते. तिच्यात काही बदललंत, तर घरातल्या सगळ्यांना सांगा. जी गाडी चालवत नाही तिलाही. आम्हाला सगळं दिसतं, पण सांगता येत नाही. तुम्हाला येतं.

आणि मावशींचं ते अर्धं राहिलेलं वाक्य, "ती पोरगी पण आता…"? आज सकाळी ते पुरं झालं. त्यांनी खिडकीतून विचारलं, "चाललीस का गं?"

"चालले," मुलगी म्हणाली.

नाचाच्या शाळेला दुसऱ्या भिंतीलाही आरसा हवा होता. तो कुशीत घेऊन आम्ही तोच चढ चढत होतो. मध्यावर तिने काट्याकडे बघितलं. काटा मधोमध होता. तिने टिचकी मारली नाही, नुसतं ऐकून घेतलं.