दोन सारखे वायपर

किन्हवली मागं पडली आणि ड्रायव्हरच्या बाजूच्या वायपरचं रबर सुटून उंदराच्या शेपटीसारखं काचेवर वळवळायला लागलं. भरतनं गाडी हळू केली. खिडकीतून मान बाहेर काढून तो रस्ता बघू लागला. अर्धा पाऊस त्याच्या तोंडावर, अर्धा मांडीवर.

"डोकं आत घे," शेजारी बसलेली त्याची आई सुंदरा म्हणाली. "समोरून डंपर आला तर मुंडकं घेऊन जाईल. मग मी काय धडाला जेवाया वाढू?"

"आत घेतलं तर दिसत नाय, आये."

"मग थांब."

"थांबलो तर दवाखान्यातला नंबर जातो."

नंबर जातो म्हटल्यावर सुंदरानं मागं वळून पाहिलं. मागच्या सीटवर चादरीची घडी उशाला घेऊन जयश्री पडली होती. भरतची बायको, घरातली थोरली सून. तिच्या किडन्या कामातून गेल्या त्याला आता दुसरा पावसाळा. दर मंगळवारी आणि शुक्रवारी तिला शहापूरला मशीनवर घालून रक्त धुवून आणायचं. धसईच्या अलीकडच्या गावातून अंधारात निघायचं, सरळगाव, किन्हवली करत शहापूर गाठायचं, दुपार टळेपर्यंत दवाखान्याच्या बाकावर बसायचं आणि पिळलेल्या फडक्यासारखी झालेली सून घरी आणायची. दर खेपेला सुंदरा बरोबर. कंटाळा आला असं म्हणायची सोय नव्हती. जिला सुया टोचतात ती म्हणत नाही, तर बाकावर बसणारीनं कुठल्या तोंडानं म्हणायचं? तोंड म्हणत नव्हतं. हाडं म्हणत होती.

भरतनं उतरून रबर सुतळीनं बांधलं. घासत-खरवडत कसंबसं शहापूर आलं.

"आज वायपर घेतल्याबिगर मी या गाडीत परत बसायची नाय," सुंदरानं जाहीर केलं. बसल्यावाचून घरी जाणार कशी, ते तिला कोणी विचारलं नाही. तिला असलं विचारायची पद्धत घरात नव्हती.

पद्धत एकच होती, ती सुंदराची. दोन मुलगे, दोन सुना, सगळं सारखं. नवरा गेला तेव्हा धाकटा सुयोग शाळेत होता. तेव्हापासून तिनं घर असं चालवलं की तराजूनं लाजावं. लुगडी घ्यायची तर एका ठाणातली. कोंबडी कापली की एक तंगडी या सुनेच्या ताटात, दुसरी त्या. जयश्रीला डोरलं केलं, पुढं रुचिता आली तेव्हा सोनं महाग झालं होतं, तरी तेवढ्याच वजनाचं केलं. आजूबाजूच्या घरांत भाऊ-भाऊ बांधावरून एकमेकांचे गळे धरत, आणि सुंदरा ओटीवर बसून भात पाखडत म्हणे, "डावं-उजवं केलं का घर फुटतं. माझ्या घरात एक चूल हाय ती उगीच नाय." बाया पाठीमागं नाकं मुरडत. मुरडू देत. नाकं मुरडायला त्यांना वेळ होता, पण सुंदराच्या सुनांना भांडायला जागा नव्हती.

ही गाडीसुद्धा दोघा भावांच्या नावची. आणि तिथंच घोडं पेंड खायला लागलं.

सुयोग आसनगावला कंपनीत. त्याची बायको रुचिता जिभेनं गोड, पण मोजदादीत सुंदराचीच शिष्या. येत्या शुक्रवारी तिच्या भावाचा साखरपुडा, नवरी भिवंडीकडची. काल रात्रीची जेवणं झाल्यावर तिनं भांडी घासता घासता विषय काढला होता.

"आई, गाडी दोघांची ना?"

"दोघांची."

"ताई आठवड्यातून दोनदा नेतात. मी आजवर बोलले का? एक शुक्रवार मला द्या. घरची गाडी दारात असताना माझ्या माहेरची माणसं टेम्पोत बसून गेली तर तिकडचे काय म्हणतील?"

सुंदराच्या शिकवणीतलंच वाक्य सुंदरापुढं आलं होतं. "जाईल गाडी," म्हणाली. शब्द दिला. गावात दुसरी एक जीप होती, ती रोज पहाटे भाजी घेऊन कल्याणला जायची. म्हणजे शुक्रवारी जयश्रीनं एस्टीनं जायचं, सरळगावला उतरून दुसरी धरायची आणि मशीनवरून उठून तशीच परत यायचं.

जयश्री म्हणाली होती, "चालेल, आई." एवढंच. तिचं 'चालेल' सुंदराला रात्रभर चावलं. मागल्या महिन्यात मशीनवरून उठली आणि दाराशी जाईपर्यंत खाली बसली होती ती. घोटभर पाण्यालाही तिला माप होतं, अन् हिला एस्टीत कोण जागा देणार?

भरत तेव्हा अंगणात बिडी पीत होता. त्यानं फक्त विचारलं, "उभी तरी राहील का ती, आये?"

"मी धरीन ना," सुंदरा म्हणाली. तिचे स्वतःचे गुडघे जिना चढताना भिंत धरत, ते तिनं सांगितलं नाही.

आज दवाखान्यात जयश्रीला आत घेतलं. नर्सबाईनं दार लोटलं. मग माय-लेक हायवेकडच्या कमळाकरच्या दुकानात गेले. दुकानात हेल्मेटं, हॉर्न, सीटकव्हरं आणि डॅशबोर्डवर डोलणारी कुत्री टांगलेली. कमळाकर चहात खारी बुडवत होता. गाडीचं नाव ऐकून त्यानं फळीवरून लांबट पाकिटं काढली आणि पत्ते मांडावेत तशी काउंटरवर मांडली.

"ही साधी, पत्र्याच्या कण्याची. ही बिनकण्याची, सपाट. काचेला चिकटून चालतात, आवाज नाय. पण रबर बघून घ्या. तीन पावसाळे चालतील म्हणणारा खोटं बोलतो. एका पावसाळ्यात बदलायचंच."

"खरं बोलणारा दुकानदार पयल्यांदा बघितला," सुंदरा म्हणाली. "खारी दे त्याला अजून एक कुणीतरी."

कमळाकर हसला. त्यानं सपाटातली जोडी सोडून दाखवली. सुंदरानं रबराची कड अंगठ्यानं दाबली, बोटावर वाकवली, नाकाशी नेऊन वास घेतला. कोयत्याची धार बघावी तसं चाललं होतं. मग तिनं दोन्ही वायपर शेजारी-शेजारी धरले आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"ही बारकी कोनाची?"

"बाजूवाल्या साइडची, आजी. ड्रायव्हरची लांब, बाजूची आखूड."

"का?"

"कंपनीतूनच तशी येते."

"कंपनीला सुना नसतील," सुंदरा म्हणाली. "मला दोन्ही लांब दे."

भरत खांबाला टेकून उभा होता. त्याचे डोळे मिटायला आले होते. "आये, जुनीपण लहान-मोठीच हायत."

"म्हनूनच फाटली."

"आजी, दोन लांब बसवल्या तर मधे टक्कर होईल," कमळाकर म्हणाला.

"टक्कर कमी-जास्त दिल्यानं होते रे बाबा. सारख्याला सारखं दिलं तर कुनी कुनाला धडकत नाय. मी घर चालवलंय, तू दुकान चालव."

"चालवतोच. पण वापरलेला माल परत घेणार नाय."

"परत द्यायला कोन येतंय?"

कमळाकरनं भरतकडं पाहिलं. भरतनं खांदे पाडले. आईशी वाद घालायला अंगात जोर लागतो, आणि तो सगळा रस्त्यावर सांडला होता. दुकानाच्या छपराखाली उभं राहून त्यानंच दोन्ही वायपर आकड्यात अडकवले. फिरवून बघू का, म्हणाला. तेवढ्यापुरता पाऊस थांबला होता. सुंदरा म्हणाली, कोऱ्या रबरानं कोरडी काच कशाला घासतोस. काचेवर दोन काळ्या रेघा सारख्या टेकल्या होत्या. तिला बरं वाटलं. एका ठाणातल्या लुगड्यांसारख्या दिसत होत्या.

दुपार टळून गेल्यावर जयश्री बाहेर आली. दंडाला कापूस चिकटवलेला, ओठ पांढरे. सुंदरानं तिच्या काखेत हात घातला. दारापासून गाडीपर्यंत अंगण काय ते, पण जयश्रीचं सगळं वजन सुंदराच्या खांद्यावर आलं, आणि सुंदराचा उजवा गुडघा मधेच कच खाऊन वाकला. दोघी पडल्या असत्या. भरतनं धावत येऊन दोघींना एकदम धरलं.

"शुक्रवारी पन अशीच धरशील का?" तो म्हणाला. रागानं नव्हे. त्यामुळे सुंदराला जास्त लागलं.

"गाडी चालव," ती म्हणाली.

किन्हवलीच्या अलीकडं आभाळ फाटलं. भरतनं वायपर सुरू केले. पहिल्या फेरीला काच लख्ख झाली, आणि सुंदरा "बघ" म्हणणार एवढ्यात टक् झालं. पुन्हा टक्. दोन्ही वायपर मधोमध येऊन एकमेकांना आपटत होते, जावा-जावांनी एकाच पाटावर बसायला धावावं तसे. मग डावा उजव्यावर चढला, उजव्यानं त्याला दाबलं, आणि दोघं एकमेकांत पाय अडकवून काचेच्या मध्यावर थटले. कुठंतरी खाली मोटर गुरगुरली. समोर सगळं पांढरं.

भरतनं ब्रेक मारला. मागून एस्टी हॉर्न मारत अंगाला घासून गेली. चिखलाचा सपकारा पूर्ण काचेवर बसला. मागं जयश्री सीटवरून अर्धी घसरली, पण ओरडली नाही. ओरडायलाही रक्तात काही लागतं.

"लागलं का गो?" सुंदरानं मागं वळून विचारलं.

"नाय, आई."

भरत उतरला. भिजत, वायपरचे हात सोडवत त्यानं काहीतरी पुटपुटलं, ते पावसानं ऐकलं. खिडकीशी येऊन तो म्हणाला, "एक काढावा लागंल. दोन्ही नाय चालायचे."

"कुठला काढतोस?"

त्यानं आईकडं असं पाहिलं, की हे काय विचारणं झालं? "तुझ्यापुढचा. मला दिसाया पायजे ना."

"मग माझ्यापुढं?"

"तुझ्यापुढं नाय दिसायचं."

डावा वायपर काढून त्यानं तो खिडकीतून तिच्या मांडीवर दिला. उघड्या लोखंडी हाताला स्वतःचा रुमाल गुंडाळला, काचेला चरे पडू नयेत म्हणून. मग गाडी निघाली. उजवा वायपर एकटाच मोकळेपणानं फिरू लागला. भरतच्या पुढं रस्ता दिसत होता, खड्डे दिसत होते, बांधावर छत्री घेऊन उभा माणूस दिसत होता. सुंदराच्या पुढं नुसतं पाणी.

ती त्या पाण्याकडं बघत बसली. मांडीवरचा वायपर लुगड्यात ओल पाझरत होता. नवा, लांब, चांगल्या रबराचा. खोट काही नव्हती त्याच्यात. तिला कोंबडीच्या तंगड्या आठवल्या. गेलं दीड वर्ष ती जयश्रीच्या ताटात सारखी तंगडी वाढत होती, डॉक्टरनं तोलून-मापून खायला सांगितलेल्या बाईच्या ताटात, आणि जयश्री ती गुपचूप आपल्या मुलाच्या ताटात सरकवत होती. सुंदराला दिसत होतं ते. वाढली ना सारखी, मग झालं, असं ती स्वतःला म्हणायची.

सरळगावच्या अलीकडं तिनं भरतला सांगितलं, "सुयोगला लाव."

"आता? तो घरी आला असंल. संध्याकाळी बोल ना."

"संध्याकाळी तोंडापुढं सून असते. लाव."

फोन लागला. भरतनं तो तिच्या कानाशी धरला.

"सुयोग, शुक्रवारी गाडी शापूरला जाईल."

सुयोग म्हणाला, "आये, तू शब्द दिला व्हतास."

"दिला व्हता. मोडला."

"तिनं माहेरी सांगितलंय. आता ती कुठल्या तोंडानं..."

"माझ्या तोंडानं. सांग म्हातारी फिरली. आनि फक्त ह्या शुक्रवारचं नाय. मंगळवार-शुक्रवार गाडी जयश्रीची. तुमाला बाकीचे वार."

"मग सारखं कुठं राहिलं, आये?"

"नाय राहिलं."

फोनमध्ये रुचिताचा आवाज आला. लांबून, पण शब्द नीट ऐकू यावेत इतका जवळून. "विचारा त्यांना, असंच असेल तर आमी चूल वेगळी मांडायची का?"

सुयोगनं विचारलं नाही. पण फोनही ठेवला नाही. तिघंही वाट बघत होती, तो, त्याची बायको आणि इकडं भरत, एका हातानं स्टेअरिंग धरून. सुंदराच्या तोंडात उत्तरं होती. कुळ काढणारी, माहेर धुणारी, आयुष्यभर हाताशी ठेवलेली. तिनं त्यातलं एक उचलायला पाहिलं आणि ते जड झालं होतं.

"मांडा," ती म्हणाली. "पन पडवीच्या कोपऱ्यात नको. तिथं गळतं."

भरतनं फोन खाली घेतला. एक खड्डा चुकवून म्हणाला, "आये, लोक हसतील."

"हसू देत. तू पुढं बघ. तुला दिसतंय ना?"

"दिसतंय."

"मग झालं."

मागून जयश्रीचा आवाज आला, झोपेतला. "आई, काय झालं? कोनाशी बोलत व्हता?"

"काय नाय गो. आखूड वायपर आनायचा राहिला, त्याचं चाललंय. तो कमळाकर आता दात काढील माझ्यापुढं."

"घर आलं का?"

सुंदरानं सवयीनं समोर पाहिलं. काचेवरून पाणी ओघळत होतं, पलीकडचं काही कळत नव्हतं.

"मला दिसत नाय," ती म्हणाली. "तुझ्या नवऱ्याला विचार."