रोझेनकोलच्या वाफ्यावरची खिडकी

मित्रांनो, मी बॉबलिंगेन या जर्मन शहरातल्या एका परसबागेत आडवी पडलेली जुनी खिडकी आहे. वाइडनर आजींनी घराला नव्या खिडक्या बसवल्या, पण मला फेकलं नाही. एका लाकडी चौकटीवर ठेवून माझ्याखाली त्या रोझेनकोलची, म्हणजे चिमुकल्या कोबीची रोपं करू लागल्या. एप्रिलच्या मध्याला बी पेरायचं, दिवसा मला जरा उचलून रोपांना गार वाऱ्याची सवय लावायची आणि मेअखेरीस ती मोकळ्या वाफ्यात लावायची. वीस वर्षं हाच माझा मान होता.

पुढे आजींचे गुडघे थकले. त्यांनी बाग वरच्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या कुंदा आणि हरीशच्या हाती दिली. सोबत घरच्या बियांची शेवटची पुडीही. "घाई मात्र करू नका," त्या म्हणाल्या.

हरीशला कुठला धीर! २०१७च्या फेब्रुवारीतच त्याने विजेवर तापणारी पेटी आणली आणि निम्मं बी तिच्यात पेरलं. पेटी ठेवली कुठे, तर माझ्या जागी आलेल्या नव्या खिडकीत! पाच दिवसांत कोंब आले. कुंदाने फोटो काढून पुण्याला घरच्यांना पाठवले. माझा फोटो कधी कुणी काढला नव्हता. मी नुसती जळत होते.

एप्रिल लागताच हरीशने ती लांबुडकी रोपं थेट वाफ्यात लावली.

"अरे, आजींना विचार तरी," कुंदा म्हणाली.

"ऊन बघ की! आल्झो, म्हणजे दोन महिने पुढे आहोत आपण."

दोन-तीन आठवड्यांनी कडक दंव पडलं. सकाळी सगळी रोपं काळी पडून झोपली होती. खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. मग कुंदा वाफ्याशी येऊन बसली. काठी टेकत आजीही आल्या.

"आजी, तुमचं बी घालवलं आम्ही," कुंदाला रडू फुटलं.

आजींनी वाकून एक रोप उचललं. त्याची माती हलकेच झटकून ते तळहातावर ठेवलं. ती रोपं माझ्याच वाफ्यातल्या रोपांची लेकरं होती, हे मला तेव्हा उमगलं. मी शरमले.

"निम्मं उरलंय ना? आजच पेर," आजी म्हणाल्या.

हरीशने मान खाली घालून माझी काच पुसली आणि उरलेलं बी माझ्याखाली पेरलं. जूनच्या पहिल्या आठवड्यात रोपं बाहेर लागली. डिसेंबरातल्या दंवाने गड्डे गोड झाले. कुंदाने मोहरीची फोडणी देऊन भाजी केली आणि आजींना नेऊन दिली. दोन झाडं बियांसाठी राखली.

पेटीत आता टोमॅटोची रोपं होतात. तिचं कौतुक ऐकून मी अजूनही थोडी जळते. मित्रांनो, नवं जरूर आणा, पण ज्यांना वेळ कळते त्यांना आधी विचारा. आणि कुणावर जळत असाल, तर त्याची झळ कोवळ्या रोपांना लागू देऊ नका.