उजव्या हाताचा इलेक्ट्रॉन

नागली कापताना विळा सटकला आणि प्रतिक्षाच्या डाव्या हाताचं मधलं बोट कापलं. जखम भरली, पण बोट वाकलं ते वाकलंच. गावी पोशेऱ्याच्या शेतात त्याचं काही अडलं नाही. पेंढी धरण्यापुरती मूठ वळत होती. अडलं ते जव्हारला, बारावीच्या वर्गात.

चुंबकीय क्षेत्रात प्रभारित कण कुठे वळेल, ते डाव्या हाताने काढायचं. तर्जनी क्षेत्राकडे, मधलं बोट धन कणाच्या वाटेकडे, अंगठा दोघांना काटकोनात. तो दाखवील तिकडे कण ढकलला जाणार. इलेक्ट्रॉन ऋण, त्याचं उलट. मधलं बोट ताठ होईना, म्हणून प्रतिक्षाने गुपचूप उजवा हात धरला आणि चाचणीत दिशेचं एकूण एक उत्तर चुकलं.

श्रीकृष्ण सरांनी सांगून टाकलं, सोमवारी फळ्यावर पुन्हा विचारीन, जमलं नाही तर प्रवेश परीक्षेच्या जादा तासांना तुझ्याऐवजी दुसरी मुलगी घेईन. शेजारच्या बाकावरून प्रांजल म्हणाली, "तुझे कण भलतीकडेच जातात, पोशेऱ्याची एसटी पकडतात वाटतं."

प्रतिक्षा हसली. वसतिगृहाच्या ओट्यावर बसून तिने बोट दाबून सरळ करून पाहिलं. डोळ्यांत पाणी आलं, बोट हललं नाही. मग तिने चुका पुन्हा तपासल्या. वरच्या जागी खाली, खालच्या जागी वर. एकही वेडीवाकडी नाही, सगळ्या नेमक्या उलट. नेमकं उलट जाणाऱ्यावर तर डोळे मिटून भरवसा ठेवावा. आणि इलेक्ट्रॉन उलटच जातो की! म्हणजे उजवा हात त्याचाच. फक्त धन कणासाठी अंगठा फिरवायचा.

सोमवारी सरांनी फळ्यावर फुल्या काढल्या. क्षेत्र फळ्याच्या आत, इलेक्ट्रॉन उजवीकडे निघालेला. प्रतिक्षाने उजवं मनगट पिळलं. अंगठा जमिनीकडे वळला.

"खाली, सर."

"बरोबर. पण हात चुकीचा आहे. डावा घे."

"तो उघडत नाही, सर. इलेक्ट्रॉनला हाच सरळ लागतो. प्रोटॉन असता तर याच्या उलट, वर गेला असता."

सरांनी स्वतःचे दोन्ही हात पुढे धरले, बोटं वळवून पाहिली. वर्गात कुणीतरी खुसखुसलं. सर म्हणाले, "एखादं बरोबर येतं कुणाचंही."

"मग आणखी विचारा," प्रतिक्षा म्हणाली आणि फळ्यापाशी उभीच राहिली.

सरांनी फुल्या पुसून ठिपके काढले, क्षेत्र आता फळ्याबाहेर. मग बाण फिरवला, मग कण बदलला. घंटा झाली तेव्हा त्यांनी खडू ठेवला आणि उद्या सकाळी जादा तासाला वेळेवर यायला सांगितलं.