दत्ताराम, खिडकीपाशी, चाळीस सेकंद

नितेश आणि अंबादास यांना फिल्ममेकर म्हणायचं म्हणजे जरा धाडसच आहे. सात वर्षांत दोघांनी मिळून एकही फिल्म केली नव्हती. केल्या त्या फक्त टेस्ट. साकीनाक्याला अंबादासचा लेथचा गाळा होता. बंद पडलेल्या फोटो स्टुडिओंतून नितेश जुन्यापुराण्या लेन्स उचलून आणायचा, त्या नव्या डिजिटल कॅमेऱ्याला बसायच्या नाहीत, मग अंबादास गाळ्यात ॲल्युमिनियमची रिंग कातून द्यायचा. रविवारी भटवाडीला नितेशच्या घरी टेस्ट व्हायची आणि मग दोघं लॅपटॉपवर फ्रेमचे कोपरे मोठे करकरून बघत बसायचे. शहाणी माणसं चित्राच्या मधोमध बघतात. ही दोघं कोपरे बघायची.

टेस्टला माणूस लागतो, तोही न हलणारा. तो घरातच होता. नितेशचे वडील दत्ताराम आधी कापड मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर, उभे होते, मिल गेल्यावर मरोळच्या एका कंपनीच्या गेटवर वॉचमन म्हणून बसले. एका जागी तासन्‌तास राहणं त्यांच्या अंगवळणी पडलं होतं. खिडकीपाशी स्टुलावर, हातात पेपर धरून, चाळीस सेकंद. मग लेन्सचं तोंड थोडं बारीक करायचं आणि पुन्हा चाळीस सेकंद. लेन्स कडेला किती स्वच्छ दिसते ते कळावं म्हणून स्टूल नेहमी फ्रेमच्या डाव्या कोपऱ्यात.

गंमत म्हणजे फिल्म दत्तारामांवरच करायची होती. मिल, संप, गेटावरची माणसं, सगळं ते बोलणार आणि ही दोघं शूट करणार, असं पहिल्याच वर्षी ठरलं होतं. फक्त लेन्स मनासारखी मिळत नव्हती. दत्ताराम स्टुलावर बसले की विचारायचे, "आता बोलू?" नितेश म्हणायचा, "आता नको बाबा. बोलायचं ते फिल्मच्या वेळी. आताच बोललात तर तेव्हा मजा नाही येणार." शिवाय बोललं की मान हलते आणि फोकस नीट तपासता येत नाही. म्हणून टेस्टच्या वेळी कॅमेऱ्यातला आवाज बंदच ठेवायचा, असा दोघांचा नियम होता. म्हातारा गुमान पेपर धरून बसायचा.

गेल्या श्रावणात दत्ताराम झोपेतच गेले. नितेश रडला नाही. सकाळी खिडकीतून त्यांच्या चेहऱ्यावर पडलेला उजेड बघून 'मऊ आहे, चांगला आहे' एवढंच त्याच्या मनात आलं होतं आणि ते त्याने कुणालाही सांगितलं नव्हतं. नातेवाईक म्हणाले, पोरगा खंबीर आहे. खंबीर कसला, बधिर झाला होता. दाढ काढताना भूल दिली की गाल आपलाच असतो आणि आपला नसतो, तसं त्याचं अकरा महिने चाललं होतं. तो कामावर जायचा, यायचा, जेवायचा. भाजीत मीठ नसलं तरी जेवायचा. कॅमेरा कपाटात गेला. अंबादासचे फोन यायचे, "नवीन रिंग कातलीय रे, एकदम झकास बसते. ये ना यार." नितेश "येतो" म्हणायचा आणि जायचा नाही.

वर्षश्राद्धाला पंधरा दिवस उरले असताना एका रविवारी दुपारी त्याची आई, प्रेमा, भांडी पुसता पुसता त्याच्यासमोर येऊन बसली.

"नितेश, माका त्येंचो आवाज आठवणा नाय."

नितेशने हातातला मोबाइल खाली ठेवला.

"चेरो दिसता. पण आवाज कानात येणा नाय. काल रातभर आठवून बघलंय." तिने हातातलं ताट खाली ठेवलं. "तू दर आयतवारी त्येंका बसवन शुटिंग करी होतंस मा? त्यातला एक माका लावन दी. वर्ष होवच्या आत माका एकदा ऐकूचा आसा."

"बघतो," नितेश म्हणाला.

बाबांचा आवाज दुसरीकडे कुठे मिळण्यातला नव्हताच. दत्तारामांकडे शेवटपर्यंत बटणांचा फोन होता. बहिणीच्या, दिशाच्या लग्नाचा व्हिडिओ होता, पण त्या शूटिंगवाल्याने हळदीपासून पाठवणीपर्यंत सगळ्यावर गाणी चढवून ठेवली होती. गावच्या गणपतीच्या व्हिडिओत भजनाचा गजर तेवढा होता. नितेशने लॅपटॉप उघडला. 'बाबा टेस्ट' नावाच्या फोल्डरमध्ये चारशे बारा क्लिप होत्या. इतके बाबा जगात दुसऱ्या कुणाकडे नसतील.

त्याला माहीत होतं की सगळ्या मुक्या आहेत. तरी एखादी सुटली असेल म्हणून तो पहिल्यापासून लावत गेला. कोपऱ्यात दत्ताराम, हातात पेपर. कोपऱ्यात दत्ताराम, अंगात स्वेटर. केस पांढरे होत गेले, पेपर धरलेला हात थोडा थरथरायला लागला, तेव्हा नितेशने त्यांना पेपर टेबलावर टेकवायला सांगितलं होतं. कुठेकुठे ओठ हलायचे. आवाज नाही. साठेक क्लिप झाल्यावर नितेशच्या लक्षात आलं, आपण बाबांच्या कानाशी चित्र मोठं करून जुन्या लेन्समुळे येते ती जांभळी कड दिसते का ते तपासतोय. त्याला स्वतःची किळस आली. पण तीसुद्धा लांबूनच आली, शेजारच्या घरात कुणीतरी कुणाला तरी ओरडत असावं तशी.

दोनशे सत्त्याऐंशीव्या क्लिपला पंख्याची घरघर ऐकू आली.

त्याने झटकन क्लिप थांबवली. तो रविवार त्याला आठवला. आदल्या दिवशी कॅमेऱ्याचं सॉफ्टवेअर अपडेट केलं होतं आणि त्यात सगळी सेटिंग मूळपदावर गेली होती, आवाज आपोआप चालू झाला होता. पहिल्या क्लिपनंतर ते लक्षात आलं, तेव्हा तो केवढा वैतागला होता. बाबा काय बोलले होते ते मात्र आठवेना. छातीत काहीतरी हललं. अकरा महिन्यांत पहिल्यांदाच.

"आई, मिळाला!"

प्रेमा पदराला हात पुसत आली आणि देवासमोर बसावं तशी मांडी घालून लॅपटॉपसमोर बसली. नितेशने आवाज पूर्ण वाढवला आणि क्लिप पहिल्यापासून लावली.

पंख्याची घरघर. स्टूल करकरलं. मग दत्तारामांनी घसा साफ केला आणि प्रेमाने तोंडावर हात घेतला.

"अरे नितेश," दत्ताराम हसत म्हणाले, "त्या दिवशी मिलच्या गेटार काय झाला म्हायत आसा, तुझी आवस डबो घेवन..."

"श्श! बाबा, बोलू नका." हा कॅमेऱ्यामागच्या नितेशचा आवाज. मोठा, स्वच्छ, माइकला अगदी चिकटून. "हलू पण नका. चालू आहे. बोलायचं ते फिल्मच्या वेळी."

दत्तारामांनी मान डोलावली, पेपर सरळ केला आणि तोंड मिटून घेतलं. पुढे पंखा ऐकू येत राहिला. एकदा खालून भंगारवाला ओरडत गेला. दत्ताराम सांगितलं तसे बसून होते, पापणीसुद्धा जपून हलवत होते. चाळीस सेकंद झाले आणि क्लिप संपली.

"परत लाव," प्रेमा म्हणाली.

त्याने लावली. तिने पाच वेळा लावायला सांगितली, त्याने पाच वेळा लावली. दर वेळी नितेश स्वतःला श्श करताना ऐकत होता. सहाव्या वेळी त्याचा हातच पुढे होईना. गालावरून ओलं काहीतरी हनुवटीपर्यंत आलं होतं आणि ते पुसायचं असतं हेही त्याला सुचलं नाही.

प्रेमा थांबलेल्या चित्राकडे बघत होती.

"डबो घेवन मी गेटार खूपदा गेलंय," ती म्हणाली. "खयच्या दिवसाचा सांगी होते?"

"माहीत नाही."

"मगे इचारलंस नाय? शुटिंग झाल्यार?"

"नाही," नितेश म्हणाला. "मी लेन्स बदलत होतो."